नाव घेणारं माणूस

रोह्याच्या ख्रिस्ती मंडळीत गुणाजी लोखंडे हे नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. लोखंडेकाका मात्र सगळ्यांना ठाऊक होते. लोखंडेकाका म्हणजे स्कूटर. पाळकसाहेबांच्या फोनमध्ये त्यांचा नंबर ‘लोखंडेकाका स्कूटर’ असाच होता. त्यात गुणाजींना काही वावगं वाटत नसे. त्याच फोनात प्लंबरचं नाव ‘नळ’ होतं, त्या मानानं आपलं बरं, असं ते म्हणत.

धाटावच्या एका कंपनीत तीस वर्षं फिटरकी करून गुणाजी निवृत्त झाले आणि मंडळीचे पंच झाले. मंडळी छोटीशी. रोह्याकडे सव्वीस घरं, पेणला चौदा, आणि दोन्हीकडे मिळून पाळक एकच. ते रेव्हरंड अक्षय उजागरे, नगरकडचे. वयानं पस्तिशीचे, पण चेहऱ्यावर पन्नाशीचा समजूतदारपणा. पाळकसाहेबांना ग्रीक येत होतं, हिब्रू थोडंफार येत होतं, स्कूटर अजिबात येत नव्हती. तीन वर्षांपूर्वी ते बायको आणि सात खोकी घेऊन रोहा स्टेशनावर उतरले, तेव्हा त्यांना घ्यायला गुणाजी स्कूटर घेऊन गेले होते. त्या दिवशी साहेब मागच्या सीटवर बसले ते बसलेच.

मंगळवारी आणि गुरुवारी रोह्यातल्या घरभेटी, शुक्रवारी पेण. चार वाजले की गुणाजी पाळकांच्या घरासमोर जाऊन उभे राहायचे. शुक्रवारी मात्र दुपारी बारालाच निघायचं. नागोठण्याला एक चहा, वडखळला पाठ मोकळी करायला दोन मिनिटं, मग पेण. कुणाकडे जायचं हे गुणाजींनी ठरवायचं. कोण आजारी, कोण रुसलंय, कुणाचं पोरगं परदेशी गेलंय, कोण तीन रविवार उपासनेला दिसलं नाही, हे सगळं त्यांना आधी कळायचं. त्यासाठी त्यांच्याकडे एक वही होती. वहीत प्रत्येक घरापुढे पाळकांसाठी सूचना लिहिलेल्या.

‘हैबतराव, पेण. उजव्या कानानं ऐकू येत नाही, डाव्या बाजूला बसणे. पोह्याचे पापड देतात. दोन खाल्ले की तिसरा येतोच.’

‘मालूबाई. आधी टीव्ही बंद करायला सांगणे. मालिकेतल्या सुनेसाठी प्रार्थना मागतात, करू नये.’

‘बाबाजी. सुनेची चौकशी सुनेसमोर करू नये. सासऱ्याची चौकशी सासऱ्यासमोर करू नये.’

‘मैना, वाडीवर. शेळीचं नाव विचारणे.’

पाळकसाहेबांची एक रीत होती. चहा झाला की ते उभे राहायचे, घरच्या सगळ्यांना हात धरायला लावायचे आणि प्रार्थनेत प्रत्येकाचं नाव घ्यायचे. नुसतं ‘या कुटुंबाला आशीर्वाद दे’ असं घाऊक नाही. म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्यापर्यंत सुटं सुटं नाव. हैबतरावांच्या घरी अकरा माणसं. तिथं प्रार्थना संपेपर्यंत चौथा पापड गार व्हायचा. मैनाच्या घरी ती आणि तिची शेळी. शेळीचं नाव चांदी. मैना म्हणाली, “साहेब, हिचंबी घ्या ना, दूध आटलंय.” साहेबांनी घेतलं. तीन भेटींत तीनदा घेतलं. दूध परत आलं की नाही हे वहीत नाही, पण चांदीचं नाव देवाच्या कानावर तीनदा गेलं, हे पक्कं.

अशा वेळी गुणाजी दाराशी, चपलांच्या शेजारी, हेल्मेट छातीशी धरून उभे असायचे. डोळे मिटलेले. साहेब एकेक नाव घेत जायचे, ‘आमेन’ व्हायचं आणि गुणाजी स्कूटरची किल्ली चाचपायचे. एकोणचाळीस घरांत तीन वर्षं हे असंच चाललं होतं.

मंडळीची घरं चाळीस. वहीत एकोणचाळीस. चाळिसावं घर कुंडलिकेच्या पलीकडे, अष्टमीत होतं, आणि ते गुणाजींचं होतं.

लग्नाच्या पंगतीत वाढपी सगळ्यांना आग्रह करकरून जिलबी वाढतो. त्याला कुणी ‘बस आता’ म्हटलं तर तो म्हणतो, ‘आम्ही काय, मागनं बसू.’ मागनं बसतो तेव्हा जिलबी संपलेली असते. गुणाजींचं तसं झालं होतं. यादी आपल्या हातात, मग तीत आपलंच नाव कसं घालायचं? पंच असला म्हणून काय झालं! आणि साहेबांना तरी कसं कळावं? स्कूटर त्यांच्या दारात यायची. ती रात्री कुठं झोपायला जाते, हा प्रश्न कुणाला पडतो?

आता गुणाजींना साहेब घरी यायला का हवे होते, ते सांगायला गिरजाबाईंकडे जावं लागतं.

गिरजाबाई गुणाजींची बायको. माहेर पेणजवळच्या खेड्यातलं. तिकडची जुनी रीत होती, नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. बाप्तिस्मा झाला, उपासना आली, गाणी आली, पण ती रीत काही गेली नाही. गुणाजी म्हणजे ‘अहो’, आणि शेजारणीशी बोलताना ‘आमच्याकडचे’. एकदा सरकारी दवाखान्यातल्या बाईनं केसपेपर भरताना विचारलं, “नवऱ्याचं नाव?” तर गिरजाबाई रांगेतल्या मागच्या बाईला म्हणाल्या, “सांग गो तू.” त्या बाईला काय ठाऊक? तिनं आपल्या नवऱ्याचं सांगितलं. पुढं वर्षभर गिरजाबाईंची औषधं गिरजा जगन या नावानं येत होती.

पण रोज संध्याकाळी, जेवणं आटपल्यावर, दोघं प्रार्थनेला बसायची. गिरजाबाई डोक्यावर पदर घ्यायच्या. मुलगी सुरभी, तिचा नवरा, शेजारचा मुसा, त्याची बायको फरझाना, गावातले आजारी, असं करत करत शेवटी एक जागा यायची, जिथं त्यांचा आवाज खाली जायचा. मग चोरून गुळाचा खडा तोंडात टाकावा तसं त्या म्हणायच्या, “आणि गुणाजींना.”

एकदा गुणाजींनी विचारलं होतं, “माणसांसमोर नाय घेत, मग देवासमोर बरं चालतं?”

“मग काय करू?” गिरजाबाई म्हणाल्या. “अहोंना सांभाळ, असं म्हटलं तर जगात अहो किती! तो कोणाकोणाला शोधीत बसंल?”

चौतीस वर्षं. दिवसातून एकदा. गुणाजी डोळे मिटून त्या शब्दाची वाट बघायचे, आणि तो आला की साठीच्या माणसाचे कान गरम व्हायचे.

साडेतीन वर्षांपूर्वी, श्रावणात, गिरजाबाई चार दिवसांच्या तापानं गेल्या. तेव्हा रोह्याला पाळकच नव्हता. जुने गेले होते, उजागरेसाहेब यायचे होते. मातीला अलिबागकडचे एक वयस्कर पाळक आले. त्यांनी प्रार्थना चांगली केली, पण तीत गुणाजी ‘शोकाकुल पती’ होते. सुरभी वाशीला असते, रोज प्रार्थना करते, पण तिच्या प्रार्थनेत ते ‘पप्पा’. गुणाजी हिशोबी माणूस नव्हते, पण एवढं त्यांच्या लक्षात आलं होतं, की त्या श्रावणापासून देवासमोर त्यांचं नाव कुणी घेतलेलं नाही.

आपण होऊन घ्यावं, तर ते बरं दिसत नाही. आपल्याच लग्नाची पत्रिका आपणच स्वतःला नेऊन द्यावी, तसं वाटतं.

घरात हातांची एक खुर्ची होती. गिरजाबाईंनी ती मागच्या पाळकांसाठी घेतली होती. तिच्यावर घरचं कुणी बसत नसे. गुणाजी दर शनिवारी ती ओट्यावर आणून धुवायचे. शेजारचा मुसा, कुवेतला बावीस वर्षं काढून आता कुंपणाशी वेळ काढणारा, हे बघत असायचा.

“गुणा, खुर्ची आजारी हाय काय रे?”

“का?”

“दर शनिवारी अंघोळ घालतोस. इतकी तर मी पन नाय करीत.”

“साहेब यायचेत.”

“तीन वर्षं यायचेत. तोंडानं बोलाव ना एकदा.”

“असं मागून बोलवायचं नसतं.”

“मग मी घेतो तुझं नाव दुआत,” मुसा म्हणाला. गुणाजींच्या मनातलं त्याला ठाऊक होतं. ते फक्त त्यालाच ठाऊक होतं. “पन वरून विचारलं, कोन हा गुणाजी, तर सांगू काय? माझ्या शेवग्याच्या शेंगा तोडतो तो?”

“फांदी माझ्या अंगणात येती.”

“ते पन सांगतो.”

आणि मग एका रविवारी उपासनेनंतर साहेबांनी बदलीचं पत्र वाचून दाखवलं. सोलापूरकडची मंडळी. पुढच्या सोमवारी सकाळच्या गाडीनं निघायचं. बायका रडल्या. हैबतरावांनी शेजारच्याला मोठ्यानं विचारलं, “काय झालं? कोण गेलं?” त्यांना सगळं पुन्हा सांगावं लागलं आणि मग तेही रडले.

आठवड्यात एकोणचाळीस घरांच्या निरोपाच्या भेटी करायच्या होत्या. गुणाजींचा फोन वाजायचा थांबेना. मालूबाईंनी बजावलं, “काका, सात ते आठ नको हां, मालिका असते.” बाबाजींच्या सुनेनं वेगळी भेट मागितली आणि सासऱ्यांनी त्याहून वेगळी. गुणाजींनी सगळं बसवलं. सकाळ-दुपार स्कूटर धावत होती. पेणला मूर्तींच्या कारखान्यांच्या गल्लीतून जाता-येता दोघंही पांढऱ्या मातीनं इतके माखले, की वडखळच्या चहावाल्यानं विचारलं, “रंगाचं काम घेता का?” मैनानं साहेबांना चांदीचं करडू द्यायला काढलं, ते सोलापूरला कसं न्यायचं हे समजावता समजावता अर्धा तास गेला.

शनिवारी दुपारी साडेतीनला एकोणचाळिसावं घर झालं. साहेब बाहेर आले, सीटवर बसले आणि म्हणाले, “झाली का हो काका सगळी?”

गुणाजींनी किक मारली. इंजिनाच्या आवाजात म्हणाले, “एक राहिलंय.”

“कुणाचं?”

“हाय एक. जवळच हाय.”

स्कूटर कुंडलिकेच्या पुलावरून अष्टमीकडे निघाली. गुणाजींचं काळीज इंजिनापेक्षा जोरात चालू होतं. गल्लीचं तोंड आलं, मुसाचा शेवगा दिसला, ओट्यावर वाळत घातलेली खुर्ची दिसली, आणि ऐन वळणावर त्यांचा धीर सुटला. घरात शिरून म्हणायचं काय? ‘या साहेब, हे मीच’? स्कूटर सरळ गेली, पुढं वळसा घालून परत पुलावर आली. मग गुणाजींना वाटलं, छे, जाऊच. पुन्हा अष्टमी, पुन्हा शेवगा, पुन्हा पूल.

“काका,” मागनं साहेब म्हणाले, “ही नदी आपण पाचव्यांदा ओलांडतोय.”

“घर सापडत नाय, साहेब.”

“तुम्हाला? रोह्यात?”

गुणाजींनी स्कूटरचा वेग वाढवला. सहाव्यांदा वळणार तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी मुसा लुंगी खोचून, दोन्ही हात पसरून, रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. गुणाजींना ब्रेक मारावाच लागला.

“पाद्रीसाहेब, उतरा,” मुसा म्हणाला. “हा पेट्रोल संपेपर्यंत फिरवील तुम्हाला. ते शेवग्यापलीकडचं घर. खुर्ची बाहेरच हाय.”

साहेब उतरले. गुणाजींनी खुर्ची आत नेली, साहेबांना बसवलं, आणि सवयीनं मागं सरकत दाराशी, चपलांच्या शेजारी, हेल्मेट छातीशी धरून उभे राहिले.

साहेबांनी घर बघितलं. एक खाट, भिंतीवर पदर घेतलेल्या बाईचा फोटो, खिडकीत गोळ्यांच्या दोन पट्ट्या. मग म्हणाले, “छान आहे घर. घरचे कुठं गेलेत?”

“घरचा मीच,” गुणाजी म्हणाले.

साहेबांचा चेहरा एकदम पस्तिशीचा झाला. त्यांनी खुर्चीतून पुढं वाकून दाराशी उभ्या गुणाजींकडे बघितलं. मग म्हणाले, “तीन वर्षं, काका?”

“तुम्हाला एवढी घरं.”

“त्या सगळ्या घरी तुम्हीच नेलंत मला.”

“मंग, म्हणूनच ना.”

गुणाजी हेल्मेट काखेत धरूनच चहा करायला आत पळाले. चहा त्यांना येत नव्हता. गिरजाबाईंच्या मागं ते अंदाजानं करत, आणि अंदाज कधीच बरोबर आला नव्हता. साहेबांनी एक घोट घेतला, डोळे किंचित मोठे केले आणि कप मांडीवर धरून म्हणाले, “बोला. कसं चाललंय?”

“बरं हाय.”

साहेब गप्प बसले. ही युक्ती गुणाजींना पाठ होती. ‘बरं हाय’ हे झाकण असतं. साहेब काही बोलत नाहीत, कपातल्या चहावर साय धरते, आणि मग झाकण आपोआप सरकतं. एकोणचाळीस घरांत त्यांनी हे दाराशी उभं राहून बघितलं होतं. मैना अशीच रडली होती, हैबतराव असेच बोलले होते. युक्ती ठाऊक असलेल्या माणसावर ती चालणार नाही, अशी त्यांची खात्री होती.

चहावर साय धरली.

“साहेब,” गुणाजी म्हणाले, “तुम्ही लोकांचं ऐकता, मंग प्रार्थना करता, तुमचं मन हलकं होतं. मी ऐकतो नि स्कूटर चालवतो. पयली घरी आलो की हिला सांगायचो. दुसऱ्या कुणाला नाय, देवाशपथ. हिच्या पोटात जायचं ते तिथंच राहायचं. आता चाळीस घरांचं... एकोणचाळीस घरांचं सगळं घेऊन येतो, नि ठेवायला जागा नाय.”

सायीला सुरकुती पडली.

“नि ती नाव घ्यायची,” गुणाजी हेल्मेटकडे बघत म्हणाले. “संध्याकाळी. एकदाच. बाकी काय नाय.”

साहेबांनी कप खाली ठेवला आणि उभे राहिले. “या. हात द्या. आणि ते हेल्मेट ठेवा आधी.”

हेल्मेट खाटेवर गेलं. हात मोकळे झाल्यावर त्यांचं काय करायचं ते गुणाजींना कळेना. साहेबांनीच ते धरले. डोळे मिटले गेले.

“हे प्रभू,” साहेबांनी सुरुवात केली, “या घरासाठी आम्ही तुझे आभार मानतो. या घरात उशिरा आलो, त्याची क्षमा कर. या घरातली जी बहीण तुझ्याजवळ आहे, तिच्यासाठी आभार. आणि इथं राहणारे तुझे सेवक...”

आणि साहेब अडले.

अकरा माणसांच्या घरात न अडणारे, शेळीचं नाव न चुकणारे साहेब अडले. गुणाजी वाट बघत राहिले. मग त्यांनी एक डोळा उघडला. साहेबांचाही एक डोळा उघडाच होता, आणि त्यात पाणी होतं.

“काका,” साहेब हळूच म्हणाले, “तुमचं नाव काय हो?”

तीन वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. गुणाजींची मान आपोआप खाली गेली, आवाजही खाली गेला.

“गुणाजी,” ते म्हणाले, आणि ऐकताना त्यांच्या लक्षात आलं, की हे अगदी गिरजाबाईंसारखं निघालं. चोरून गूळ खाल्ल्यासारखं.

“गुणाजींना,” साहेब म्हणाले. स्वच्छ, खणखणीत, बाहेर ओट्यावर येऊन बसलेल्या मुसाला ऐकू जाईल असं. “हे प्रभू, गुणाजींना सांभाळ.” आणि आणखी एकदा घेतलं. चांदीचं घेतलं होतं तेवढ्याच वेळा.

गुणाजी डोळे मिटून उभे होते. किती दिवस त्यांना वाटत होतं, एकदा कानावर पडलं की पोट भरेल. पडलं. बरं वाटलं, खूपच बरं वाटलं. पण नाव मोठ्या आवाजात आलं, दिवसाउजेडी आलं, पदराआडून आलं नाही. आणि भूक किती दिवसांची होती ते पहिला घास गेल्यावरच कळलं.

जाताना साहेबांनी वही मागितली. “नव्या पाळकांना लागेल,” म्हणाले, आणि शेवटच्या पानावर बराच वेळ काहीतरी लिहीत बसले. गुणाजींनी मान वळवून शेवग्याकडे बघितलं. दुसऱ्याचं लिहिलेलं त्याच्या समोर वाचायचं नसतं.

सोमवारी सकाळी स्टेशनावर सगळी मंडळी होती. पाळकीणबाईंच्या, म्हणजे अनिताबाईंच्या, सात खोक्यांची आता अकरा झाली होती. त्यांतली तीन नुसती पापडांची. गाडी हलली तसे साहेब खिडकीतून वाकले आणि ओरडले, “येतो, गुणाजीकाका!”

फलाटावरच्या लोकांनी मागं वळून बघितलं.

“अगो, गुणाजी कोण?” मालूबाईंनी विचारलं.

“कुणीतरी नवीन असेल,” मैना म्हणाली.

गुणाजी हेल्मेट घालत होते. हेल्मेटच्या आत त्यांचे कान गरम झाले होते.

घरी येऊन त्यांनी वहीचं शेवटचं पान उघडलं. साहेबांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं:

‘गुणाजी लोखंडे, अष्टमी. शेवगा ओळखीची खूण. एकटे असतात. स्वतः घेऊन येणार नाहीत, मुसाभाईंना सांगावं. चहा प्यावा लागतो. “बरं हाय” म्हणतात, त्यावर विश्वास ठेवू नये. थांबावं. प्रार्थनेत नाव घ्यावं.’

या गोष्टीला आता दोन महिने झाले. नवा पाळक अजून नेमलेला नाही. ‘लवकरच’ असं पत्र आलंय, आणि ते सगळ्यांना दाखवून दाखवून घड्यांवर फाटलंय. घरभेटी बंद आहेत. दर शनिवारी खुर्ची ओट्यावर येते आणि कुंपणापलीकडून विचारणा होते.

“आला काय रे कोन?”

“येतील.”

“मी घेतो हां रोज. शेंगांचं पन सांगितलंय.”

संध्याकाळी जेवण झालं की गुणाजी खाटेवर बसतात, हात जोडतात आणि एकोणचाळीस घरं घेतात. वही लागत नाही. हैबतरावांच्या घरची अकरा, मालूबाईंच्या गुडघ्यासकट मालूबाई, बाबाजी आणि सून वेगवेगळे, मैना, चांदी, तिचं करडू. त्या त्या घरातलं ऐकलेलं सगळं सांगतात, गिरजाबाईंना सांगायचे तसं, काहीही न वगळता. मग सुरभी, जावई, मुसा, फरझाना, सोलापूरचे साहेब.

मग शेवटची जागा येते. तिथं ते थांबतात. एक श्वास जाईल एवढं. त्या जागी दुसऱ्या कुणाचं तरी बोलणं असल्यासारखे डोळे मिटून, मान थोडी तिरकी करून ते बसून राहतात, आणि मग म्हणतात, “आमेन.”